सापडलेल्या मुली

माक पुई-लामच्या सिनेमांत मी बहुतेक वेळा मरायचे. पहिल्यांदा मेले तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. नायकाच्या आईचं काम करणारी बाई ऐन वेळी आली नाही. माकदादांनी सेटच्या कडेला बसलेल्या आम्हा एक्स्ट्रा बायकांवर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तू. नाव काय?"

"हाऊ क्वाई-लान."

"केसांना पांढरं लावून ये, क्वाई-लान. जेवणाच्या सुट्टीआधी तुला मरायचंय."

मी मेले. एका टेकमध्ये ओके झालं, कारण दुसऱ्या टेकसाठी फिल्म नव्हती. तेव्हापासून मी हाँगकाँगच्या सगळ्या कँटनीज सिनेमांची आई झाले. माझ्याहून वयाने मोठे नायक माझ्या पायांवर डोकं ठेवून रडायचे.

माकदादांइतके सिनेमे त्या काळात कुणी काढले नसतील. एक सिनेमा आठ-दहा दिवसांत उरकायचा. सिंगापूर-मलायाचे वितरक कथा ऐकायच्या आधीच पैसे देऊन मोकळे व्हायचे, त्यामुळे तारीख चुकवून चालत नसे. डायमंड हिलच्या स्टुडिओला पत्र्याचं छप्पर होतं. वरून विमान गेलं की संवाद बुडायचा, आणि विमानं सारखी जायची. माकदादा एक कान आभाळाकडे ठेवूनच दिग्दर्शन करत. "विमान येतंय, रडून घ्या, बोलू नका," असं ते चालू शॉटमध्ये सांगायचे. सकाळी ज्या दिवाणखान्यात श्रीमंत सासरा सुनेला हाकलायचा, त्याच दिवाणखान्याचे पडदे बदलून संध्याकाळी दुसऱ्या सिनेमातल्या डॉक्टरचं घर उभं राहायचं. एकदा मी चुकून डॉक्टरकडेच सुनेची चौकशी केली होती.

वर्तमानपत्रवाले त्यांना 'शेवयावाला माक' म्हणत. पाणी उकळलं, टाकल्या, झाल्या. माकदादा चिडत नसत. "शेवया लोकांना रोज लागतात," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या शॉटचा दिवा कुठे लावायचा ते बघायला जायचे. बुटके, सावळे, अंगावर कायम एकच करडा सदरा. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

त्यांच्या कथा निरनिराळ्या असत, पण एक गोष्ट प्रत्येक सिनेमात असायचीच. एक लहान मुलगी हरवायची. कधी लढाईच्या पळापळीत हात सुटायचा, कधी सावत्र आई विकून टाकायची, कधी पूर यायचा. आणि शेवटच्या रिळात ती सापडायची. मोठी झालेली असायची, भाऊ तिला ओळखायचा, मी मरायला टेकलेली असले तर डोळे उघडून दोघांच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि मग मरायचे. थिएटरात हुंदके फुटायचे. आमचे निर्माते लियूशेठ म्हणायचे, "माक, या पोरीने मला बंगला बांधून दिला." आम्ही सगळे हसायचो. माकदादाही हसायचे.

बासष्ट सालच्या वसंतात त्यांची आई आली. त्या वर्षी चीनमधून माणसांचे लोंढे येत होते. डोंगर ओलांडून, पोहून, कसेही. म्हाताऱ्यांना मात्र तिकडचे लोक परवाना देऊन टाकत; खाणारं एक तोंड कमी. ती शुनतकच्या खेड्यातून निघून मकाववरून बोटीने आली. माकदादांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाचं शूटिंग थांबवलं. असं आधी कधी झालं नव्हतं.

त्यांच्या बायकोने, सिम वहिनींनी, पुढच्या आठवड्यात मला जेवायला बोलावलं. म्हातारी टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती. हाडं आणि डोळे, बाकी काही उरलं नव्हतं. हातांच्या बोटांची टोकं मात्र गुळगुळीत होती; तिचा जन्म रेशमाचे कोश उकळत्या पाण्यातून काढण्यात गेला होता.

"तूच का ती, सारखी मरणारी?" तिने विचारलं.

"हो, मावशी."

"चांगली मरतेस. जरा लवकर मरत जा. फार वेळ लावतेस."

वहिनी तिला दर आठवड्याला माकदादांचे सिनेमे दाखवायला नेत होत्या. आजूबाजूच्या बायका बाहीने, रुमालाने डोळे पुसायच्या आणि ही कोरड्या चेहऱ्याने पडद्याकडे बघत बसायची, असं वहिनींनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. सासू घरात कुणाशी फारशी बोलत नाही, मुलाशी तर नाहीच. ताट घेते आणि खिडकीपाशी जाऊन एकटी जेवते. आज पाहुणी आहे म्हणून टेबलाशी बसली.

वहिनींनी वाफवलेला मासा आणला. म्हातारीने एक तुकडा चाखला. "मेलेला होता," ती म्हणाली. "आमच्याकडे तळ्यातून काढून सरळ भांड्यात जातो." मग तोच आवाज ठेवून मुलाकडे न बघता म्हणाली, "तुझ्या सगळ्या सिनेमांत पोरगी सापडते."

माकदादांनी जेवणाच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. "लोकांना तसं आवडतं, आई."

"लोकांना." तिने माशाचा काटा बाजूला काढला. "तुझा बाप गेला तेव्हा निरोप धाडला होता. पोचला होता ना?"

"पोचला होता."

"तू आला नाहीस. तुझ्या सिनेमातली आई शेवटी पोराच्या डोक्यावरून हात फिरवते. ही फिरवते." तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "मी फिरवलेला नाही. फिरवणारही नाही. घे, गार होतोय."

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. आम्ही तो मासा संपवला.

दुसऱ्या दिवशी दिवे बदलेपर्यंत माकदादा माझ्या शेजारच्या खोक्यावर येऊन बसले आणि समोर बघत सगळं सांगून टाकलं. त्रेचाळीस सालच्या दुष्काळात ते क्वांग्सीमध्ये एका नाटक मंडळीबरोबर होते. मालकाने पहिल्यांदाच त्यांना नाटक बसवायला दिलं होतं. गावाकडचा एक नातेवाईक निरोप घेऊन आला: बाप गेला, घरात दाणा नाही, ये. त्यांनी हातात होते ते पैसे त्याच्याकडे दिले आणि नाटक उभं राहिलं की येतो म्हणाले. मग मध्ये जपानी आले, वाटा बंद झाल्या. पैसे पोचलेच नाहीत. लढाई संपल्यावर घरी गेले तेव्हा आईने दारातच भात वाढला. दुष्काळात आठ वर्षांची असलेली धाकटी बहीण आ-लिन घरात नव्हती. तांदळाच्या एका पोत्यावर दलालाला दिली, असं आईने सांगितलं. कुठे नेली, माहीत नाही. भात संपल्यावर आईने वाटी घेतली आणि दार लावलं.

"शोधलं नाही?" मी विचारलं.

"वर्षभर. कँटनमध्ये, मकावमध्ये. पुढे सीमाही बंद झाली." ते उठले. "चला, दिवे झाले."

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर ते लियूशेठकडे गेले आणि म्हणाले, मला एक सिनेमा सावकाश काढायचाय. मानधन नको. लियूशेठना वाटलं तब्येत बिघडली. पण इतकी वर्षं या माणसाने काही मागितलं नव्हतं, म्हणून हो म्हणाले.

चार महिने आम्ही तो सिनेमा करत होतो. आम्हाला सावकाश काम करायची सवयच नव्हती. कॅमेरामन दुसरा टेक घेताना ओशाळायचा, जणू कुणाच्या घरी दुसऱ्यांदा भात मागतोय. त्यात एक आई होती, मुलगा गाव सोडून गेलेला, बाप गेलेला. ती मुलीला दलालाच्या होडीत बसवते. मुलगा परत येतो, आई त्याला जेवू घालते आणि दार लावते. तिथेच सिनेमा संपतो. कुणी सापडत नाही. कुणी मरतही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत जिवंत राहिले.

म्हातारी रोज सेटवर येऊन बसायची. बोलावलं नव्हतं, पण एक दिवस आली आणि मग येतच राहिली. होडीच्या प्रसंगात मी मुलीला बसवताना रडले. टेक चांगला झाला होता.

"मी नव्हते रडले," ती खुर्चीतून म्हणाली.

माकदादा तिच्याकडे वळले. त्या जेवणानंतर तिने आपणहून त्यांच्याशी बोलायची ती पहिलीच वेळ असावी. "मग काय केलंस?"

"तिच्या वेणीची गाठ सैल झाली होती. ती बांधली. म्हटलं, तिकडे गोड खायला मिळतं. रडले असते तर पोर घाबरली असती."

आम्ही तसं केलं. मी वेणी बांधली. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. माकदादांनी तो टेक ठेवला.

सिनेमा लागला आणि तिसऱ्या दिवशी उतरायची वेळ आली. बायका खुर्च्यांत बसून राहायच्या, अजून एक रीळ असेल म्हणून. दिवे लागले की डोअरकीपरशी भांडायच्या. सिंगापूरच्या वितरकाची तार आली की शेवट अर्धवट आहे, उरलेला भाग पाठवा. लियूशेठ स्टुडिओत आले, टोपी काढून माकदादांसमोर बसले.

"माक, मी तुला वाईट बोलणार नाही. चांगला सिनेमा आहे. माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही इतका चांगला आहे. पण पोरगी सापडली पाहिजे. एका दुपारचं काम आहे. तू नाही केलंस तर मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावीन."

"बोलवा," माकदादा म्हणाले. त्यांचा नकार मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

म्हातारीने सिनेमा बघितला नव्हता. त्या संध्याकाळी वहिनी आणि मी तिला याउमातेईच्या थिएटरात घेऊन गेलो. माकदादा मागे एकटे उभे होते. थिएटर अर्ध्याहून रिकामं. ती पुढे वाकून बसली होती. दार लागलं, पडदा पांढरा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "एवढंच?" ती हलली नाही.

बाहेर आल्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाडीपाशी माकदादा येऊन उभे राहिले. तीच आधी बोलली.

"असंच होतं."

माकदादांनी चेस्टनटची एक पुडी घेऊन तिच्या हातात दिली.

"शेठ काय म्हणतो?"

"पोरगी सापडली पाहिजे म्हणतो. मी नाही म्हटलं."

म्हातारीने रस्त्याकडे बघितलं. ट्राम नव्हती त्या बाजूला, नुसत्या बसगाड्या आणि माणसं. "सापडू दे तिला," ती म्हणाली.

"आई, तूच म्हणालीस..."

"मी म्हणाले ते म्हणाले. खरं होतं ते तू दाखवलंस. आता सापडू दे. माणसं पैसे देऊन आत बसलीत." मग म्हणाली, "मलाही बघायचंय ती कशी दिसली असती."

ते शूटिंग आम्ही बंदरावरच्या एका जुन्या धक्क्यावर केलं. मोठी झालेली मुलगी होडीतून उतरते आणि आईसमोर येऊन उभी राहते, एवढंच. एरवी हे काम माकदादा अर्ध्या तासात संपवायचे. त्या दिवशी ते पुन्हापुन्हा करायला लावत होते. मुलीचं काम करणारी नटी नवीन होती, उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता. चाल बदल, पिशवी दुसऱ्या हातात घे, आधी आईकडे बघू नकोस, आता बघ. काय चुकतंय ते त्यांना सांगता येत नव्हतं. कॅमेरामन फिल्मचा डबा उघडून मला डोळ्यांनीच विचारत होता. म्हातारी एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून ती पोरगी प्रत्येक वेळी कशी उतरते ते बघत होती. एकही वेळ तिने नजर काढली नाही.

शेवटी ती उठली, मुलाजवळ गेली. "पुरे," ती म्हणाली. "पोरगी दमलीय. घरी जाऊ दे तिला."

माकदादांनी मान हलवली. सामान आवरायला घेतलं.

सिनेमा नव्या शेवटासह पुन्हा लावला आणि तो चालला. फार नाही, पण चालला. मलायात तर बरीच वर्षं खेड्यापाड्यांतून फिरत होता म्हणतात. लियूशेठनी माकदादांना पुन्हा आठ दिवसांच्या कामाला लावलं आणि त्यांनी ते निमूट केलं. मीही पुन्हा मरायला लागले. पण त्यानंतरच्या त्यांच्या सिनेमांत हरवलेली मुलगी नसे. लियूशेठनी एकदा आठवण करून दिली, तेव्हा "ती गोष्ट संपली" म्हणाले.

वहिनींनी मला सांगितलं, सासू आता टेबलावर जेवते. मुलाशी बोलते असं नाही, पण मासा आला की डोक्याकडचा, मानाचा भाग त्याच्या वाटीत टाकते. अडुसष्टच्या हिवाळ्यात ती गेली. छातीत कफ झाला होता. इस्पितळात मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात हातात घेतला आणि माझ्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली. "रेशमाचं काम तुला जमलं नसतं," म्हणाली. "कातडी नाजूक आहे." शेवटपर्यंत तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. तो उशाशी बसून होता. तिने फक्त त्याला खिडकी बंद करायला सांगितली.

त्यानंतर आमचा धंदाच बसला. रंगीत मँडरिन सिनेमे आले, तलवारी आल्या, घरोघर टीव्ही आला. आमच्या स्टुडिओच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. माकदादांच्या सिनेमांच्या प्रती कुठे गेल्या कुणालाच माहीत नाही. फिल्ममधली चांदी काढायला विकल्या असं लोक म्हणतात. ते टीव्हीवर मालिका करायला लागले आणि मी तिथल्या आज्या करायला लागले.

सीमा खुली झाल्यावर एकोणऐंशी साली त्यांनी गावाला जायचं ठरवलं. वहिनींचे गुडघे गेले होते. त्या मला म्हणाल्या, "लान, तू जा यांच्याबरोबर. एकटे गेले तर कुठेतरी बसून राहतील." आम्ही आगगाडीने कँटनला, तिथून बस आणि मग होडीने शुनतकला गेलो. त्यांचं घर नव्हतं. रेशमाची गिरणी होती तिथे विटांची भट्टी होती. आईबरोबर गिरणीत काम केलेली, लग्न न करता राहिलेली एक म्हातारी जिवंत होती. सगळे तिला कौ आत्या म्हणत. ती दारात शेंगा सोलत बसली होती.

माकदादांनी आपलं नाव सांगितलं. तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "नाटकवाला," ती म्हणाली. "आई गेली का?"

"गेली. अकरा वर्षं झाली. आत्या, मी आ-लिनची चौकशी करायला आलोय. तिला कोणत्या दलालाने नेलं, तुम्हाला आठवतं? कोणत्या गावाला?"

कौ आत्याचे हात थांबले. "आ-लिन? ती त्याच वर्षी गेली ना. थंडी पडायच्या आधी. तापाने. ज्या घरी दिली होती ते लोक वाईट नव्हते, त्यांनी निरोप धाडला. तुझी आई होडी घेऊन गेली आणि पाठीला बांधून घेऊन आली तिला. मी आणि ती, दोघींनी पुरलं तळ्याच्या बांधावर. गावात दुसरं कुणी धड उभं राहू शकत नव्हतं तेव्हा." तिने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. "तुला सांगितलं नाही तिने?"

माकदादांनी खाली पडलेली एक शेंग उचलून तिच्या हातात दिली. "सांगितलं होतं," ते म्हणाले. "जागा तेवढी विचारायची होती."

तिने बांध दाखवला. म्हणजे बांध नव्हताच, दोन तळी मिळून एक मोठं तळं झालं होतं आणि त्यात बदकं होती. माकदादांनी काठावर उदबत्त्या लावल्या. वारा होता, पेटायला वेळ लागला. मी आडोसा धरला. ते पाण्याकडे बघत उभे राहिले. बहीण त्यांच्या पहिल्या सिनेमाच्याही आधी गेली होती. ज्या वर्षी ते कँटन-मकावमध्ये तिला शोधत होते, त्या वर्षी ती इथेच होती.

परतीच्या होडीत ते म्हणाले, "दारात भात वाढला तेव्हा तिला माहीत होतं. सेटवर बसायची तेव्हाही माहीत होतं."

"हो, दादा."

"शिक्षा म्हणून लपवलं असेल?"

मी विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "आधी तसंच असेल," मी म्हटलं. "पुढे नसेल. पुढे तुमच्यासाठी ती कुठेतरी असू दे म्हणून."

होडीवाल्याने विचारलं, हाँगकाँगचे का, तिकडे टीव्ही केवढ्याला मिळतो. माकदादांनी त्याला नीट समजावून सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले गेलेल्यांचे नामफलक कोरणाऱ्याला बोलावलं. आईच्या फलकाशेजारी आ-लिनचा फलक लावायचा होता. कारागीर म्हणाला, लग्न न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या देव्हाऱ्यात लावत नाहीत, ते बरं नसतं. वहिनींनाही ते पटत नव्हतं.

"लावायचं," माकदादा म्हणाले.

कारागिराने पेन्सिल काढली. जन्माचं साल लिहून घेतलं. "आणि गेल्या कधी?"

"त्रेचाळीस."

वहिनींनी चमकून वर बघितलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की नणंद कुठेतरी संसार करत असेल. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईने," ते म्हणाले, आणि फलकाचं लाकूड कोणतं घ्यायचं ते कारागिराशी बोलू लागले.